वाचकांचे प्रश्न : शाळेची सहल, भाड्याची गाडी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांत सहलीच्या बैठका सुरू होतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतर शाळांनाही उपयोगी पडतील अशी निवडली आहेत. बऱ्याच पत्रांचा मूळ प्रश्न एकच निघाला : ठरवलेली ठिकाणे वेळेत बसतील का? बहुतेकांची बसत नाहीत. त्यामुळे पुढे अनेक ठिकाणी 'हे वगळा' असे वाचावे लागेल.

प्रश्न : आठवी-नववीची ८४ मुले, दोन गाड्या, दोन दिवस. पहिल्या दिवशी पहाटे निघून दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी अजिंठा करून परत. जमेल का? (सहलप्रमुख, अहिल्यानगर जिल्हा)

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या क्रमाने जायचे तर मंगळवारी निघता येत नाही, कारण त्या दिवशी वेरूळ बंद. रविवारी निघालात तर दुसऱ्या दिवशी अजिंठा बंद. शनिवारी निघालात तर अजिंठा रविवारच्या गर्दीत पाहावे लागेल. उरले सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार. शुक्रवारी निघाल्यास अजिंठा शनिवारी येते, तेव्हाही गर्दी असतेच. सगळ्यांत निवांत जोडी सोमवार-मंगळवारची. पुष्कळ शाळा 'सोमवारी लेणी बंद असतात' एवढेच ऐकून तो दिवस टाळतात, त्याचा तुम्हाला फायदा होईल.

आता तासांचे गणित. अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ११५ किलोमीटर, पुढे दौलताबाद १५. मुलांनी भरलेली बस साध्या रस्त्यावर तासाला ४० किलोमीटरच्या पुढे धरू नये. हा वेग गाडीचा नाही, लघवीचे थांबे, नाश्ता आणि शहरातली कोंडी धरून पडणारा आहे. सहाला निघालात तर दौलताबादला साडेनऊ होतात. किल्ल्याला अडीच तास, जेवण पाऊण तास, पुढे वेरूळ आणखी १५ किलोमीटर. म्हणजे वेरूळला सव्वा ते दीड. तिथे साडेतीन तास दिलेत की दिवस संपला. मकबरा आणि पाणचक्की या दोन्ही वगळा. मकबरा हवाच असेल तर दौलताबाद सोडा. चारही ठिकाणे केलीत तर मुलांच्या लक्षात फक्त बसच्या पायऱ्या राहतील.

दौलताबादच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, एक शिक्षक बॅटरी घेऊन पुढे, एक मागे आणि मुले पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून एका ओळीत. आत वळणे आहेत, पायऱ्या एकसारख्या नाहीत, वटवाघळांच्या विष्ठेने जमीन निसरडी असते. कोणी किंचाळले की मागची मुले थांबतात आणि त्यांच्या मागची येऊन आदळतात, पडापड होते ती अशी. दमा असलेल्या किंवा अंधाराला घाबरणाऱ्या मुलांना एका शिक्षकासोबत खाली चांदमिनाराजवळ बसवा. त्यांना मेंढा तोफेची गोष्ट परतल्यावर इतर मुले सांगतील.

वेरूळला ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी दाखवायचा हट्ट नको. प्रत्येक गटातले एक घ्या : १० क्रमांकाचे सुताराचे लेणे, १६ क्रमांकाचे कैलास, ३२ क्रमांकाची इंद्रसभा. जैन लेणी उत्तरेला एक किलोमीटरहून लांब आहेत, तिथे चालत जायचे की वाहनाने ते आधी ठरवा. कैलास वरून खाली कोरत आणले हे मुलांना पुस्तकात वाचून समजत नाही. अंगणात उभे करा, बाजूच्या उभ्या कड्यावरचे छिन्नीचे घाव बघायला लावा आणि विचारा : परांची कुठे बांधली असेल? थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच की बांधायची गरजच नव्हती. मात्र वरून कैलास दिसते म्हणून डोंगराच्या कडेने मुलांना चढवू नका, ती जागा गटासाठी नाही.

छत्रपती संभाजीनगरपासून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. साडेसहाला निघा. तुमची बस फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबते, पुढचे चार किलोमीटर एसटीच्या गाडीने जावे लागते. ८४ मुले एका फेरीत जात नाहीत. त्यामुळे पहिल्या गाडीतल्या शिक्षकाने वर पोहोचल्यावर कुठे थांबायचे ते खालीच ठरवून घ्या. दुपारी परतीची रांग वाढते, तोही अर्धा तास हिशेबात धरा. वर चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी आणि शिल्पासाठी २६ क्रमांकाचा महापरिनिर्वाणातला आडवा बुद्ध एवढे पुरेसे आहे. चित्रांच्या लेण्यांत ठरावीक संख्येनेच लोक सोडतात, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फ्लॅश चालत नाही. उन्हातून आत आल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. त्याच दोन मिनिटांत मुले 'काही नाही इथे' म्हणून बाहेर पडतात. आत गेल्यावर शंभर आकडे मनात मोजायला सांगा, मग बघायला लावा. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला पद्मपाणी आहे. दोनपर्यंत टी-पॉइंट सोडले तर रात्री आठच्या सुमारास घरी.

तिकीट : पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. नववीत काही मुले १५ पूर्ण झालेली असतात, त्यांची यादी जन्मतारखेसह वेगळी काढा आणि तिकिटे आधीच ऑनलाइन घ्या. सगळ्यांची ओळखपत्रे शिक्षकाजवळ असू द्या.

प्रश्न : एसटी घ्यावी की खासगी बस? खासगीवाला दर कमी सांगतो. (मुख्याध्यापिका, सांगली)

एसटी अशी भाड्याने घेण्याला आगारात 'प्रासंगिक करार' म्हणतात. शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, विद्यार्थ्यांची यादी आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जा. डिसेंबर-जानेवारीत एकाच आगाराकडे वीस शाळा येतात, म्हणून महिनाभर आधी जा. यात्रा-जत्रांच्या तारखा टाळा, त्या दिवसांत गाड्या तिकडे वळवलेल्या असतात. एसटीचा मोठा फायदा भाड्यापेक्षा वेगळा आहे : वाटेत गाडी बिघडली तर जवळच्या आगारातून मदत मागता येते. तोटा असा की सामान ठेवायला जागा कमी आणि मुक्कामाच्या सहलीत चालकाच्या राहण्याची सोय तुम्हालाच बघावी लागते.

खासगी दर ऐकताना पाच गोष्टी लेखी विचारा. किलोमीटर कुठून मोजणार, शाळेपासून की गॅरेजपासून? दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे लावणार? टोल आणि पार्किंग कोणाचे? चालक-क्लीनरचा भत्ता दरात धरला आहे का? जीएसटी वेगळा आहे का? 'कमी दर' बहुधा या पाचांतच दडलेला असतो.

एक हिशेब करून बघू. आकडे मानलेले आहेत, तुमचे घाला. जाऊन-येऊन २३० किलोमीटर, गॅरेज ते शाळा येताजाता ३०, म्हणजे २६०. पण किमान ३०० चे पैसे लागणार. दर किलोमीटरला ६० रुपये धरले तर १८,०००. पाच टक्के जीएसटी ९००, टोल ६००, पार्किंग १००, भत्ता १,०००. झाले २०,६००. बसमध्ये ४२ मुले आहेत म्हणून ४२ ने भागाल तर वर्गणी ४९० येते आणि सहल तोट्यात जाते. आदल्या रात्री दोघांना ताप येतो आणि एक-दोन घरांतून पैसे येणार नसतात, हे वर्गशिक्षकांना आधीच ठाऊक असते. ३८ ने भागा, ५४२ येतात. उरले तर त्या मुलांचे भरून निघते, कोणाला वर्गासमोर हात वर करावा लागत नाही.

प्रश्न : गाडी 'चांगली' आहे हे शिक्षकाने कसे ओळखायचे? (वर्गशिक्षक, बीड जिल्हा)

पडदे, स्पीकर, रंगीत दिवे यांवरून नाही. आधी नंबरप्लेट : भाड्याने देता येणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीतली आहे' म्हणून घेऊ नका, अपघात झाला तर विम्यावरून वाद होतो. गाडीचा नंबर आठवडाभर आधी मागा आणि एम-परिवहन ॲपवर टाका. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना आणि पीयूसी यांच्या मुदती तिथे दिसतात. सहलीच्या दिवशी वेगळीच गाडी दारात उभी राहते, हा सगळ्यांत नेहमीचा प्रकार आहे. करारात नंबर लिहा आणि बदलायचा झाल्यास दोन दिवस आधी कळवावे अशी अट घाला. तरीही बदललीच, तर मुले चढवण्याआधी नवा नंबर ॲपवर टाका. पाच मिनिटे लागतात.

मग गाडीभोवती एक फेरी. पुढचे दोन्ही टायर नीट बघा. नक्षी गुळगुळीत झालेली, कडेला फुगा आलेला किंवा रिमोल्ड केलेला (जुन्यावर नवा थर चढवलेला) टायर पुढे असेल तर गाडी नाकारा. मागे संकटकालीन दार असते, ते स्वतः उघडून बघा. पुष्कळ गाड्यांत त्यासमोर एक जादा सीट ठोकलेली असते किंवा दारच गंजून बसलेले असते. काच फोडायची हातोडी आणि अग्निशामक नळकांडे जागेवर हवे, नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. वायपर सुरू करून दाखवायला सांगा. डिसेंबरात पाऊस नसतो, पण घाटात पहाटे धुके असते.

दोघांच्या सीटवर तीन लहान मुले बसवणे हा बहुतेक शाळांचा 'नाइलाज' असतो. आसनक्षमतेपेक्षा एकही डोके जास्त नको. उलट दोन जागा रिकाम्या ठेवा : एक आजारी मुलाला आडवे व्हायला, दुसरी सामानाला.

प्रश्न : रात्री प्रवास केला तर मुक्कामाचा खर्च वाचतो. त्यात काय वाईट? (पालक-शिक्षक संघ सदस्य, ठाणे)

चालक. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार त्याचे काम दिवसाला ८ तास असे, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत असावा लागे. तुम्ही रात्री दहाला निघून सकाळी सातला पोहोचलात, दिवसभर मुलांना फिरवलेत आणि संध्याकाळी परत निघालात, तर तोच माणूस चोवीस तासांत दोनदा गाडी चालवतो. मधल्या वेळात तो पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत पडलेला असतो, त्याला झोप म्हणत नाहीत. शिक्षण खात्याच्या सूचनांतही रात्रीचा प्रवास टाळायला सांगितले आहे. मुक्कामाचे पैसे नसतील तर एका दिवसाची, जवळची सहल काढा. मुक्काम असेल तर चालकाला मुलांपासून लांब, शांत खोली द्या आणि त्याचे जेवण मुलांच्या आधी वाढा.

प्रश्न : परवानगीच्या कागदांत नेमके काय लागते? आणि मुरुड-जंजिरा करताना वाटेत काशीदच्या किनाऱ्यावर तासभर थांबलो तर? (सहलप्रमुख, पुणे जिल्हा)

शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, मार्ग आणि वेळापत्रक, मुलांची व सोबतच्या शिक्षकांची यादी, पालकांची संमतीपत्रे, मुख्याध्यापकांचे हमीपत्र आणि गाडीची कागदपत्रे. दहा मुलांमागे एक शिक्षक हवा. मुली असतील तर शिक्षिका हव्यातच. अर्ज पंधरा दिवस आधी द्या, कारण एखादी सही राहिली की फाइल परत येते. संमतीपत्रात मुलाची ॲलर्जी, चालू औषधे आणि दोन फोन नंबर मागा. 'माझ्या जबाबदारीवर पाठवत आहे' हे एकच वाक्य लिहून घेतल्याने शाळेची जबाबदारी संपत नाही.

किनाऱ्यावर थांबू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ती मोठी, पोहता येण्याच्या वयाची मुले होती. ओहोटीत पाणी लांब गेलेले दिसते, मुले त्याच्या मागे जातात आणि परतताना पाय वाळूत रुततात. जंजिऱ्याला होडीने जायचेच असेल तर प्रत्येकाच्या अंगावर बंद बांधलेले लाइफ जॅकेट हवे. खरी अडचण किल्ल्याच्या दाराशी येते : होडी लाटेवर वर-खाली होत असते आणि तीतून ओल्या पायरीवर पाय टाकायचा असतो. होडी वर आली की हात धरून एकेकाला उतरवायचे, घाई नाही. प्राथमिकच्या मुलांना हे ठिकाण नकोच.

प्रश्न : मुलांना गाडी लागते. पंचेचाळीस मिनिटांतच पहिली उलटी. (शिक्षिका, चिपळूण)

निघायच्या आधी तेलकट काही देऊ नका. वडापाव आणि चहा हे सहलीचे पारंपरिक खाणे ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटात हमखास बाहेर येते. भाकरी, केळे, कोरडी बिस्किटे चालतील. रिकामे पोटही वाईटच. गाडी लागणाऱ्यांची नावे आधीच घ्या आणि त्यांना पुढच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत खिडकीजवळ बसवा. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट त्यांना नको, तिथे हेलकावा सगळ्यांत जास्त असतो. समोरचा रस्ता बघायला सांगा, मोबाइल किंवा वही नको. गोळी द्यायची असेल तर ती पालकांनी घरी द्यावी किंवा चिठ्ठी लिहून द्यावी, शिक्षकाने आपल्या मनाने देऊ नये. प्रत्येक गाडीत तीस पिशव्या, रद्दी, दोन बाटल्या पाणी, जुने फडके आणि थोडा लाकडाचा भुसा ठेवा. एकाने केली की वासाने पुढच्या तिघांचा नंबर लागतो, म्हणून भुसा तातडीने टाका आणि खिडक्या उघडा.

प्रश्न : पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि शनिवारवाडा. गेल्या वर्षी संग्रहालयातून मुले वीस मिनिटांत बाहेर आली. (इतिहास शिक्षक, सातारा)

पंचेचाळीस मुले एका रांगेत आत सोडली की असेच होते. पुढच्या पाच जणांना वस्तू दिसते, बाकीच्यांना पुढच्याची पाठ. तीन गट करा, पंधरा-पंधराचे, आणि तिन्ही वेगवेगळ्या दालनांत सुरू करा. दर वीस मिनिटांनी दालन बदला. म्हणजे आतला वेळ तासभर होतो आणि गर्दीही नाही. दप्तरे बसमध्येच ठेवा.

दुसरे कारण तुमचा प्रश्नसंच. वस्तूचे नाव आणि शतक लिहून आणायला सांगितले की मुले पाटी उतरवतात, वस्तूकडे बघत नाहीत. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ जमवलेला हा संग्रह वीस हजारांच्या घरात आहे आणि त्यात बहुतेक घरगुती वस्तू : अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या. एका मुलाला एकच कपाट द्या. तीन अडकित्ते निवड, प्रत्येकाच्या दांड्यांना कोणाचा आकार दिलाय ते काढ. सुपारी नेमकी कुठे ठेवायची ते बाणाने दाखव. यातला कोणता अडकित्ता रोज वापरला असेल आणि कोणता फक्त पाहुण्यांसमोर निघत असेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर नसते, म्हणून मूल वाकून धार बघते. कागद जाड पुठ्ठ्यावर लावून द्या आणि पेन्सिलच द्या. काचेवर वही टेकवून लिहिणे कर्मचाऱ्यांना चालत नाही आणि ते बरोबरच आहे.

बस बाजीराव रस्त्यावर उभी राहू शकत नाही. मुलांना उतरवून ती सारसबाग-स्वारगेटच्या बाजूला ठेवायला सांगा, चालकाचा नंबर दोन शिक्षकांकडे असू द्या. संग्रहालयापासून शनिवारवाडा चालत पंधरा-वीस मिनिटे. पुन्हा बसमध्ये चढवण्यात आणि कोंडीत याहून जास्त वेळ जातो. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर इमारती उरलेल्या नाहीत. जोती आणि तट एवढेच आहे हे मुलांना आधी सांगा, नाहीतर 'वाडा कुठंय?' हाच प्रश्न दोनदा येतो. खरी बघायची वस्तू दारातच आहे. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे खिळे मुलांना मोजायला लावा आणि ते नेमके किती उंचीवर आहेत ते हाताने दाखवायला सांगा. हत्तीचे गंडस्थळ कुठे येते ते मुलांना आपोआप कळते.

मुंबईच्या शाळांनी याबाबत विचारले आहे त्यांना एवढेच : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळे बालसंग्रहालय आहे. गट मोठा असेल तर तिथल्या शिक्षण विभागाशी आधी बोला.

प्रश्न : पाचवीच्या मुलांना रायगड दाखवायचा आहे. (शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, पुणे जिल्हा)

चालत चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत. दहा वर्षांच्या मुलांच्या गटाला चढायला दोन-अडीच तास लागतात. वर पोहोचल्यावर राजसदर बघायच्या ऐवजी मुले सावली शोधतात. रोपवे आहे, पण पाळण्यांत थोडीथोडीच मुले जातात. सुट्टीच्या दिवशी रांगेतच सकाळ जाते. रायगड आठवी-नववीला ठेवा.

पाचवीला शिवनेरी घ्या. चढ बेताचा आहे आणि एकामागून एक सात दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजाशी थांबून एकच प्रश्न विचारा : शत्रू इथे आला तर त्याला कुठल्या बाजूला वळावे लागेल आणि वरून कोण बघत असेल? सातव्या दरवाजापर्यंत मुलांना किल्ला समजलेला असतो. वर शिवाई देवीचे मंदिर, शिवजन्मस्थान आणि पाण्याची टाकी. खाली जुन्नरला जेवण आणि वेळ उरला तर लेण्याद्री, नाणेघाट नाही. नाणेघाटचा सातवाहन लेख मोठ्या मुलांसाठी आहे आणि तो रस्ता परतीच्या वेळेला उशीर करतो. शिवनेरी आणि रायगड दोन्ही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आहेत, म्हणून आता सुट्टीच्या दिवशी गर्दी जास्तच धरा.

कड्यांना आग्या मोहोळ असते. मुलांना अत्तर, सुगंधी तेल, स्प्रे लावून येऊ देऊ नका, दगड मारू देऊ नका, मोहोळाखाली आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर हात हलवत झटकायचे नाही. ओढणी, स्वेटर, दप्तर जे असेल ते डोक्या-तोंडावर घेऊन जिकडून आलो तिकडे पळायचे आणि बंद जागेत शिरायचे. काटा चिमटीत धरून ओढू नका, कार्डाच्या कडेने खरवडून काढा. बरेच दंश झाले असतील किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन.

प्रश्न : मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय कशी बघायची? प्रत्येक थांबा पाऊण तासाचा होतो. (शिक्षिका, लातूर)

भागाकार करा. तीन संडास, चोवीस मुली, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटे : वीस मिनिटे. एकच असेल तर तास. म्हणून थांबा ठरवताना हॉटेलचा बोर्ड नको, दारांची संख्या विचारा. सहलीआधी एक शिक्षक दुचाकीने मार्ग बघून येणार असेल तर त्याने हीच संख्या आणि नळाला पाणी आहे का एवढे नोंदवावे. मोठे पेट्रोल पंप आणि एसटी स्थानके दोन्ही चालतात. मुली पाणी पिणेच सोडतात आणि दुपारी डोके दुखते, चक्कर येते. म्हणून दर दोन तासांनी थांबा आहे हे सकाळीच जाहीर करा. शिक्षिकेच्या पिशवीत पॅड, जुनी वर्तमानपत्रे, साबण आणि एक जादा सलवार असावी, आणि ती पिशवी कुठे आहे ते सगळ्या मुलींना माहीत असावे. मागायला लागू नये, उघडून घेता यावे.

प्रश्न : आम्ही म्हापशाहून मराठी माध्यमाची सहावी घेऊन कोल्हापूर-पन्हाळा दोन दिवस जाणार आहोत. गाडीबाबत वेगळे काही? (शिक्षक, गोवा)

राज्याबाहेर जाणार म्हणून ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असलेली गाडी घ्या आणि त्याची प्रत सोबत ठेवा. नाहीतर सीमेवरच दिवसाचा पहिला तास जातो. आंबोली घाट उजेडात चढा. सोमवार टाळा, कोल्हापूरची संग्रहालये बहुधा त्या दिवशी बंद असतात. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न समुद्राकाठच्या मुलांना विचारण्यासारखा आहे.

पन्हाळ्यावर बस थेट वर जाते, म्हणून सहावीला हे ठिकाण उत्तम. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव आणि अंबरखाना एवढे तीन तासांत होते. अंबरखान्याच्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे म्हणतात. एक खंडी म्हणजे वीस मण. किती मण झाले ते मुलांना तिथेच, कोठीत उभे राहून काढू द्या. १६६० साली सिद्दी जौहरने मार्च ते जुलै वेढा घातला, तेव्हा गडावर खायला कुठून येत होते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : शिरगणती करूनही एक मूल स्वच्छतागृहात राहिले आणि गाडी दोन किलोमीटर पुढे गेली. चूक कुठे झाली? (नाव नको)

बहुधा चालत्या मुलांची मोजणी झाली. दारात उभे राहून चढणारी डोकी मोजली की एखादे मूल बाटली विसरली म्हणून खाली उतरते, पुन्हा चढते आणि दोनदा मोजले जाते. आकडा बरोबर येतो, मूल नसते. दुसरी चूक : दोन शिक्षक वेगवेगळे मोजतात आणि एकाने 'झाले' म्हटले की दुसरा थांबतो.

मोजणी सगळे बसल्यावर, दार लावून, सीटच्या आराखड्यावरून करा. सकाळी ठरलेली जागा दिवसभर बदलायची नाही, म्हणजे रिकामी सीट डोळ्याला दिसते. शिवाय प्रत्येक मुलाची जोडी लावा आणि आकड्याआधी 'जोडीदार शेजारी आहे का?' विचारा. दहा मुलांच्या शिक्षकाने आपल्या दहांची नावे वाचावीत, सहलप्रमुखाने सगळ्या शिक्षकांकडून नावानिशी होकार घ्यावा आणि तोवर चालकाने इंजिन सुरू करू नये. हे चालकाला सकाळीच सांगा, कारण तो रेस देऊ लागला की सगळ्यांची घाई होते. दोन गाड्या असतील तर मुलांनी गाडी बदलायची नाही, मैत्रीण दुसऱ्या गाडीत असली तरी.

स्वच्छतागृहातून शेवटी एका शिक्षिकेने प्रत्येक दार ढकलून बाहेर यायचे. गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला दोन शिक्षकांचे नंबर हवेत. मुलाचे नाव पुढे मोठ्या अक्षरांत नको, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल विश्वास ठेवते. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा : चुकलात तर शोधत फिरू नका. शेवटचे सगळे जिथे होते तिथेच थांबा आणि तिकीट खिडकीवरच्या किंवा गणवेशातल्या माणसाला ओळखपत्र दाखवा.